स्वयंपाकाच्या वासावरून दोघांत खटके उडतात? या चुका टाळा

"वास येतोय." "कुठे? मला तर काहीच येत नाही." इथून पेटलेला वाद बहुतेक वेळा भलत्याच मुद्द्यावर लढला जातो, कारण दोघंही खरंच बोलत असतात. एकाच वासात काही मिनिटं राहिलं की नाक त्याची दखल घेणं सोडून देतं. म्हणून अर्धा तास ओट्यापाशी उभं राहिलेल्या माणसाला तो वास सगळ्यात कमी येतो, आणि बाहेरून दार उघडून आत येणाऱ्याला सगळ्यात जास्त. स्वतःच्या नाकाला पुरावा मानणं ही पहिली चूक. स्वयंपाक करणाऱ्याने १५-२० मिनिटं मोकळ्या हवेत जाऊन परत यावं. उंबऱ्यात जो पहिला श्वास घ्याल, निकाल त्याचा. दुसऱ्या-तिसऱ्या श्वासाला नाक पुन्हा सरावायला लागतं.

"वास येतो" एवढंच म्हणून थांबणं

वास कधी येतो ते विचारा. रांधताना येतो आणि तास-दोन तासांत जातो, तो हवेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी खवट येतो, तो पडद्यांवर आणि कपाटांवर बसलेल्या तेलाचा. घर दोन दिवस बंद ठेवून आल्यावर अंगावर येतो, तो कचऱ्याचा, ओल्या फडक्याचा किंवा सिंकच्या पाइपाचा. त्यात स्वयंपाक करणाऱ्याचा काही दोष नाही. आणि जोडीदार जवळ आला की येतो तो लसणाचा. लसणातला एक गंधकयुक्त पदार्थ रक्तातून फुफ्फुसांत जातो आणि श्वासावाटे कित्येक तास बाहेर पडत राहतो. दात घासून तो पुरता जात नाही. जेवणाबरोबर कच्चं सफरचंद किंवा पुदिना खाल्ला तर थोडा कमी होतो. सोपा तोडगा म्हणजे दोघांनीही लसूण खायचा.

एक वास मात्र वादात घालवू नका. कुजक्या कोबीसारखा वास येतोय आणि कोबी तर शिजत नाहीये, तर गॅस गळतोय असं समजा. गॅस मुळात बिनवासाचा असतो, गळती कळावी म्हणून त्यात हा वास मिसळलेला असतो. गॅस मुख्य जागी बंद करा, दारं-खिडक्या उघडा, विजेच्या कुठल्याही बटणाला हात लावू नका (पंखा किंवा चिमणी चालू करणंही नको) आणि घराबाहेर पडून मदत बोलवा.

चिमणी आहे म्हणजे काम झालं, असं धरून चालणं

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. चिमणीचे दोन प्रकार. एक हवा पाइपातून बाहेर टाकते. दुसरी गाळून तीच हवा परत खोलीत सोडते. दुसऱ्या प्रकारात वास पकडण्याचं काम कोळशाच्या फिल्टरचं असतं. पुढची धातूची जाळी फक्त तेल अडवते. कोळशाचा फिल्टर भरला की संपला, तो साधारण ३ ते ६ महिन्यांत बदलावा लागतो. जाळी घासून लख्ख केली तरी वास तसाच राहतो, याचं कारण बऱ्याचदा हेच.

बाहेर टाकणाऱ्या चिमणीत दोष पाइपात शोधा. १५ सेंटिमीटर व्यासाच्या तोंडाला १० सेंटिमीटरचा पाइप जोडला, की हवेची वाट निम्म्याहूनही कमी उरते. मोटर मग नुसती ओरडते. पाइपाला दोन-तीन काटकोनी वळणं असली किंवा बाहेरच्या टोकाची झडप तेलाने चिकटून बसली, तरी तोच परिणाम. तपासायला चिमणी पूर्ण वेगावर ठेवून पातळ टिश्यू कागद जाळीला लावा. तो चिकटून राहिला पाहिजे. घसरून पडला तर ओढ कमी आहे. आता समोरच्या खोलीची खिडकी चार बोटं उघडून पुन्हा लावून बघा. या वेळी चिकटला, तर चिमणीत बिघाड नाही, घर फार घट्ट बंद आहे. जेवढी हवा बाहेर जायची, तेवढी कुठून तरी आत यायला हवी. मात्र शेगडीला लागूनची खिडकी सताड उघडू नका, तिचा झोत धूर चिमणीखालून बाजूला उडवतो. घरात गॅसचा गीझर असेल तर हा मुद्दा निव्वळ वासापुरता नाही. सगळं बंद करून जोरात चिमणी चालवली तर गीझरचा धूर उलटा घरात ओढला जाऊ शकतो, आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

वापरातली चूक अगदी साधी असते: धूर दिसल्यावर चिमणी लावायची आणि गॅस बंद होताच तीही बंद करायची. पाच मिनिटं आधी लावा, नंतर १०-१५ मिनिटं चालू ठेवा. जास्त वास सुटणारं भांडं मागच्या शेगडीवर ठेवा. पुढच्या शेगडीवरची वाफ बरीचशी चिमणीच्या कडेबाहेरूनच निसटते.

जाळी दोन ते चार आठवड्यांनी धुवा. चांगल्या गरम पाण्यात भांडी घासायचा साबण घालून २० मिनिटं बुडवा, मऊ ब्रशने घासा, पूर्ण वाळल्यावरच बसवा. ॲल्युमिनियमची जाळी असेल तर धुण्याचा सोडा नको, ती काळी पडते.

तेल धुरावू देणं

कढईतून निळसर धूर निघून डोळे चुरचुरायला लागले, की तेल जळायला लागलंय. ॲक्रोलिन नावाचा झोंबरा पदार्थ त्यातून सुटतो. तेल जितक्या वेळा तळणीला वापराल, तितकं ते कमी तापमानाला धुरकटतं. कालचं तेल आज लवकर वास मारतं ते त्यामुळेच. तळताना तेलाचे डोळ्यांना न दिसणारे थेंब उडतात आणि घरभर बसतात. कपाटाच्या वरच्या कडेवरून बोट फिरवून बघा. तिथे जो पिवळट, धूळ धरलेला चिकट थर लागतो, तोच हवेत खवट होत राहतो. तो पुसल्याशिवाय कितीही खिडक्या उघडल्या तरी सकाळचा वास जाणार नाही. कोमट साबणाच्या पाण्याने पुसा, मग साध्या पाण्याने. पडदे धुवा. तळताना झोपायच्या खोलीचं आणि कपड्यांच्या कपाटाचं दार बंद ठेवा.

एका वासावरचा उपाय दुसऱ्यावर करणं

समुद्री माशांचा वास ट्रायमिथाइलअमिनचा, आणि तो अल्कलीच्या स्वभावाचा. म्हणून लिंबू किंवा व्हिनेगर लावलं की बराचसा जागीच बसतो. मासे थंड पाण्याने धुवून, आंबट लावून १० मिनिटं ठेवा; काटे आणि साली पिशवीत घट्ट बांधून कचरा जाईपर्यंत फ्रीझरमध्ये. ओटा व्हिनेगरच्या पाण्याने पुसा, पण व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र नको, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. चिकट तेलावर मात्र व्हिनेगर फारसं चालत नाही, तिथे साबणच हवा. कोबी-फ्लॉवरचा गंधकी वास जास्त उकडल्याने वाढतो, थोडंच शिजवा. रूम फ्रेशनर फवारलात तर मासे आणि गुलाब असे दोन वास होतात, आणि ज्याला वासाने डोकं दुखतं त्याचं आणखी दुखतं.

बोलण्यातल्या चुका

"किती घाण वास!" हे वाक्य पदार्थाला आणि तो करणाऱ्याला एकदमच लागतं. त्यापेक्षा "तळणाचा वास आतल्या खोलीत येतोय, दार लावूया का?" असं म्हणा. त्यात करण्यासारखं काहीतरी असतं. तक्रार कढई शेगडीवर असताना नको, पानावर बसल्यावर तर नकोच. "हा पदार्थ घरात होणारच नाही" हा नियम सहसा टिकत नाही. एखादा पदार्थ कुणाच्या तरी लहानपणाचा असतो. कुठल्या दिवशी करायचा, कुठली दारं बंद ठेवायची, भांडी लगेच कोण घासणार, हे ठरवलेलं जास्त टिकतं. कामाची वाटणी आम्ही अशी सुचवू: रांधणारा चिमणी वेळेवर लावेल, ज्याला वास खुपतो तो जाळी धुवेल.

समोरचा नखरे करतोय, असंही लगेच समजू नका. गरोदरपणात आणि अर्धशिशीत वास फार तीव्र जाणवतात. कोविडनंतर काहींना कांदा, लसूण, कॉफी, भाजलेलं मांस चक्क सडल्यासारखं लागतं. उलट, वयाने किंवा नाक चोंदल्याने वास कळेनासाही होतो. बदल अचानक झाला असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा.

शेवटची चूक घाईची: फिल्टर, पडदे, तेल, सगळं एकाच दिवशी बदलायचं आणि फरक कशाने पडला हे कळायचंच नाही. आठवड्याला एकच बदल करा, आणि फरक सांगायचं काम त्या दिवशी जो बाहेरून घरी येईल त्याच्याकडे द्या.