न वाचलेल्या दिवाळी अंकांचा ढीग मी कसा संपवला

१९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाने सुरू केलेली दिवाळी अंकांची परंपरा मला मनापासून प्रिय असल्याने दरवर्षी अंकांचा संच घरी येतो. मात्र पुढची दिवाळी उजाडली तरी बरेच अंक अर्धवटच राहत आणि ढीग वाढत जाई. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत संपूर्ण अंक वाचण्याचा आग्रह सोडला, तेव्हा मार्ग सापडला. कथा, कविता, मुलाखती, व्यंगचित्रे आणि राशिभविष्य एकत्र असलेल्या अंकातले सारेच प्रत्येकासाठी नसते. म्हणून मी प्रत्येक अंकाची केवळ अनुक्रमणिका वाचून हवे ते लेखन पेन्सिलीने खुणावले आणि उरलेले न वाचताच सोडून दिले. जुने वार्षिक भविष्य व सरून गेलेल्या निवडणुकांवरील लेख तर लगेच बाद झाले. खुणावलेल्यांपैकी कथा व मुलाखती मी रात्री झोपण्यापूर्वी वाचू लागलो, तर लघुकादंबरीसाठी रविवारची सकाळ राखून ठेवली, कारण ती तुकड्यातुकड्यांनी वाचली की तिची पकड सुटते आणि लेखकावर अन्याय होतो, असे माझे ठाम मत आहे. खुणावलेले वाचून झाले की अंक वाचनालयाला देतो, आणि कपाटातला खण रिकामा झाल्याशिवाय नवा संच मागवत नाही.