सोलापुरात नवीन आलात? कॅमेऱ्यांचं हे आधी माहीत असू द्या

धाराशिवकडून मी इथे आलो त्याला बरीच वर्षं झाली. आता गावाकडची पोरंपोरी शिकायला, कामाला येतात तेव्हा खोली बघताना पाणी किती दिवसांआड येतं ते विचारा असं सांगतो, आणि लगेच कॅमेऱ्यांचा विषय काढतो.

पहिली गोष्ट, खोली कुठल्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत येते ते बघून ठेवा. फौजदार चावडी, जेल रोड, विजापूर नाका, सदर बझार, एमआयडीसी अशी ठाणी आहेत. घाईच्या वेळी हद्दीचा विचार करत बसू नका, सरळ ११२ लावा. गुन्हा दुसऱ्या हद्दीतला असला तरी कोणत्याही ठाण्यात झिरो एफआयआर नोंदवता येतो, आणि त्याची प्रत फुकट मिळते.

चौकात खांबावर कॅमेरा दिसला म्हणून निर्धास्त राहू नका. बराचसा उपयोग दुकानाच्या नाहीतर सोसायटीच्या कॅमेऱ्याचाच होतो, आणि त्याचं रेकॉर्डिंग कायमचं राहत नाही. डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा, त्याची हार्ड डिस्क भरली की जुन्यावर नवीन चढतं. कुठे महिनाभर टिकतं, कुठे आठवडाभरसुद्धा नाही. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या, म्हणजे यात्रेच्या, गर्दीत मोबाइल गेला आणि तुम्ही सुट्टी बघून आठ-दहा दिवसांनी तक्रारीला गेलात, तर दाखवायला काही उरलेलं नसेलही. त्याच दिवशी जा. अर्जात नेमकी वेळ, कोणत्या दुकानासमोर, अंगात कपडे कुठले, पिशवीचा रंग कोणता, सगळं लिहा. फुटेज जपून ठेवावं असं दुकानदाराला सांगण्याची विनंतीही लिहूनच द्या.

एक बारीक गोष्ट आहे, पण तिच्यावर पुष्कळ अवलंबून असतं. डीव्हीआरचं घड्याळ बहुतेक वेळा पुढेमागे असतं. स्क्रीनवरची वेळ तुमच्या मोबाइलच्या वेळेशी ताडून बघा. वीस मिनिटांचा फरक असेल तर तसं पोलिसांना सांगा, नाहीतर ते भलत्याच वेळेचं फुटेज तपासत बसतील.

स्क्रीनचा व्हिडिओ काढून ग्रुपवर मात्र टाकू नका, हे मी हात जोडून सांगतो. नुसता रस्त्यानं जाणारा एखादा पोरगा त्यात दिसतो आणि गल्लीभर चोर ठरतो. शिवाय कोर्टात तसा व्हिडिओ टिकणं अवघड. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे फुटेजसोबत प्रमाणपत्र लागतं. ते काम पोलिसांना रीतसर करू द्या.

पोलीस ठाण्यातही कॅमेरे असलेच पाहिजेत, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०२० चा आदेश आहे. तिथे कुणाला मारहाण झाली तर ते रेकॉर्डिंग जपून ठेवायला लावण्याचा हक्क त्याला आहे.

आणि पोरींनो, घरमालकाचा कॅमेरा गेटवर, जिन्यात असेल तर चांगलंच. तो खोलीच्या दारातून आत किंवा न्हाणीघराकडे वळलेला दिसला तर डिपॉझिट द्यायच्या आधीच वळवायला लावा. नाही म्हणाला तर ती खोली घेऊ नका.