गेम प्रोग्रॅमिंगची डिग्री निवडताय? आधी मॉड्यूल लिस्ट उघडा

यूकेमधे गेम्सची डिग्री करायची असेल तर नुसत्या कोर्सच्या नावावर जाऊ नका, गेम डिझाइन, गेम आर्ट आणि गेम प्रोग्रॅमिंग हे तीन वेगळे रस्ते आहेत आणि ब्रोशर मात्र सगळ्यांचं सारखंच चकचकीत असतं. थेट वर्षवार मॉड्यूल लिस्ट, म्हणजे विषयांची यादी, काढा. प्रोग्रॅमिंगसाठी सी प्लस प्लस ही भाषा, डेटा स्ट्रक्चर्स (माहिती साठवायच्या रचना), व्हेक्टर-मॅट्रिक्सचं गणित, हे पहिल्या दोन वर्षांत दिसलंच पाहिजे. फक्त युनिटी हे गेम इंजिन (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) शिकवतो म्हणत असतील तर मी तरी नाही घेणार, कारण युनिटीत सी शार्प भाषेत लिहितात, अनरियल या दुसऱ्या इंजिनला सी प्लस प्लस लागतं, उद्या कंपनीत तिसरंच इंजिन असेल तर पायाच कामाला येतो. स्कॉटलंडमधल्या डंडीच्या अ‍ॅबर्टे युनिव्हर्सिटीत १९९७ पासून गेम्सची डिग्री आहे, तिथली लिस्ट तुलनेला समोर ठेवा. टायगा या यूकेतल्या गेम इंडस्ट्रीच्या संघटनेची मान्यता आहे का तेही बघा. आणि आर्टिस्ट मुलांबरोबर टीम प्रोजेक्ट असतो का हे मेल करून विचाराच विचारा, पोर्टफोलिओत दाखवायला तेच लागतं! स्कॉटलंडमधे ऑनर्स डिग्री साधारण ४ वर्षांचं, इंग्लंडमधे ३, त्यामुळे फी आणि राहण्याचा हिशोब घरच्यांसोबत त्याप्रमाणे करा.