फ्लाय बांधण्यासाठी व्हाइस निवडताना

पिसे, केस आणि दोरा गळावर बांधून किड्याचे किंवा मासोळीचे खोटे आमिष, म्हणजे फ्लाय, तयार करायला बसणाऱ्याची कात्री किंवा बॉबिन चुकीची निघाली तरी फारसे बिघडत नाही, कारण त्या वस्तू थोडक्या पैशांत बदलता येतात. व्हाइस, म्हणजे फ्लाय बांधताना गळ जबड्यांत घट्ट धरून ठेवणारे हत्यार, मात्र एकदा घेतला की वर्षानुवर्षे टेबलावर राहतो, म्हणून त्याच्या निवडीवर वेळ घालवणे योग्य ठरते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातील हौशी गळकऱ्यांनी एक गोष्ट आधी लक्षात घ्यावी: व्हाइसविषयीची बहुतेक माहिती थंड प्रदेशातील ट्राउट मासा डोळ्यांपुढे ठेवून दिलेली असते. त्या माशासाठी बहुधा १० ते १८ क्रमांकाचे बारीक गळ वापरतात. आपल्याकडे तळ्यातील मरळीसाठी २ पासून २/० पर्यंतचे जाड तारेचे गळ लागतात, महसीरसाठीही तार मजबूतच हवी, आणि चिलापी किंवा ओढ्यातील लहान मासे धरायचे असतील तेव्हाच आपण १० किंवा १२ क्रमांकाकडे वळतो. (गळाचा क्रमांक वाढत गेला की गळ लहान होत जातो, शून्य जोडलेल्या क्रमांकांत हाच हिशेब उलटा होतो, म्हणजे २/० हा १/० पेक्षा मोठा.) तेव्हा प्रथम आपण कोणते गळ सर्वांत जास्त बांधणार आहोत ते कागदावर लिहावे आणि त्यानंतरच व्हाइस पाहावा.

व्हाइसचे मुख्य काम पकड हे आहे. बाकीच्या सोयी नंतर येतात. जबडे मिटवण्याच्या पद्धती साधारण तीन आहेत. पहिल्या पद्धतीत लिव्हर दाबली की कॅम (कडेला फुगवटा असलेली चकती) फिरतो, चिरलेला कोलेट (टोकाला जबडे असलेली दांडी) नळीत ओढला जातो आणि जबडे आवळतात. अमेरिकेतील थॉम्पसन कंपनीचा मॉडेल ए हा या पद्धतीचा प्रसिद्ध नमुना असून त्याच्या स्वस्त नकला भारतातही बनत आल्या आहेत. यात गळाची जाडी बदलली की जबड्यांचे अंतर पुन्हा जुळवून घ्यावे लागते, आणि न जुळवता लिव्हरवर जोर केला तर कॅम झिजतो. दुसऱ्या पद्धतीत कॅमऐवजी स्क्रू असतो. तो हळू चालतो, पण बिघडण्यासारखे त्यात फारसे काही नसते. तिसरी पद्धत रीगल कंपनीच्या व्हाइसमुळे परिचित झाली. तीत जबडे स्प्रिंगच्या ताणाने कायम मिटलेले असतात आणि मूठ दाबली की उघडतात, त्यामुळे लहान गळानंतर मोठा गळ लावताना काहीही जुळवावे लागत नाही. एकाच बैठकीत चिलापीचा १२ क्रमांक आणि मरळीचा १/० बांधणाऱ्याला ही सोय फार उपयोगी पडते, आणि माझे स्वतःचे झुकते माप तिलाच आहे.

जबड्यांचे पोलाद हार्डन, म्हणजे तापवून कठीण, केलेले आहे की नाही, हे नुसते पाहून कळत नाही. मी पहिला व्हाइस चकाकीला भुलून घेतला होता. २/० चे चार-पाच गळ आवळल्यावर त्याच्या मऊ जबड्यांत तारेची चरी पडली, सहावा गळ ऐन ताणात फिरला आणि त्याचे टोक अंगठ्यात उलट्या काट्यापर्यंत रुतले. म्हणून व्हाइस हाती आल्यावर, तो परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी, आपल्या वापरातील सर्वांत मोठा, सर्वांत लहान आणि एक मधला असे तीन गळ लावून पाहावेत. गळ वाकाच्या खालच्या भागात धरावा. टोक जबड्यांत दाबून लपवले तर दोरा त्याला अडत नाही हे खरे, पण टोक दबून बोथट होण्याची भीती असते, आणि जबड्यांच्या कडेनेही गळाच्या तारेला इजा पोहोचू शकते. गळ आवळल्यावर नेढ्याजवळ बोटाने तार छेडावी. पकड घट्ट असेल तर तंबोऱ्याच्या तारेसारखा स्वच्छ नाद येतो, सैल असेल तर आवाज बसका येतो. मग अंगठ्याने गळाचा दांडा खाली दाबावा. दांडा स्प्रिंगसारखा लवून परत वर आला पाहिजे. तो जबड्यांत घसरून खालीच राहिला तर तो व्हाइस आपल्या कामाचा नाही. मोठ्या गळांसाठी काही जबड्यांना टोकामागे खाच दिलेली असते. ती असल्यास जाड गळ तिथेच धरावा, कारण जबड्यांच्या निमुळत्या टोकावर तो आवळल्यास टोकाचा टवका उडू शकतो.

मरळीसाठी बेडकाच्या आकाराची तरंगती फ्लाय बांधताना ही पकड विशेष कसोटीला लागते. हरणाचे केस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे इथे बाजूलाच ठेवावे लागतात, म्हणून आपण शेळीचे केस आणि चपलेच्या सोलचा फोम वापरतो. आणि फोम गळावर पक्का बसवायचा तर दोरा तुटेल की काय असे वाटेपर्यंत ओढावा लागतो. निपाणीत विड्यांना दोरा बांधणाऱ्या बायकांच्या बोटांना जो ताण आपसूक कळतो, तो आपल्याला सरावाने शिकावा लागतो, आणि गळ हलत असेल तर तो कधीच शिकता येत नाही.

रोटरी व्हाइसविषयी पुष्कळ गैरसमज आहेत. ज्या व्हाइसचे जबडे फक्त गोल फिरतात, त्यात फ्लायची दुसरी बाजू पाहता येते, एवढेच. खऱ्या रोटरी व्हाइसमध्ये गळाचा दांडा नेमका फिरण्याच्या अक्षावर येतो, त्यामुळे हात स्थिर ठेवून व्हाइसच फिरवला तरी कोंबड्याचे पीस किंवा तार दांड्यावर सारख्या अंतराने गुंडाळली जाते. रेन्झेट्टी कंपनीचे व्हाइस याच रचनेसाठी ओळखले जातात. पारख सोपी आहे: सरळ दांड्याचा गळ लावावा, नेढ्यासमोर पेन्सिलीचे टोक स्थिर धरावे आणि व्हाइस फिरवावा. नेढे पेन्सिलीसमोरच राहिले तर अक्ष जुळलेला आहे. ते गोल घिरट्या घालू लागले तर आधी गळ जबड्यांत वर-खाली सरकवून पाहावा, आणि तरीही ते थांबले नाही तर रोटरी हे केवळ जाहिरातीपुरतेच समजावे. लांब दांड्यावर पिसे गुंडाळायची असतील तर या सोयीसाठी जादा पैसे मोजावेत. फोमचे बेडूक बांधणाऱ्याने तेच पैसे चांगल्या जबड्यांवर खर्च करावेत.

आता बैठकीविषयी. टेबलाच्या कडेला आवळायचा सी-क्लॅम्प हलका असतो आणि ओढीला हलत नाही, परंतु आपल्या घरांतील जुन्या सागवानी टेबलांची कड जाड किंवा गोलसर असते आणि तिच्यावर तो नीट बसेलच असे नाही. त्यामुळे आधी कडेची जाडी मोजून घ्यावी. जड पाटाची बैठक कुठेही ठेवता येते, मात्र ती खरोखर जड हवी. इथे बेळगावकरांना एक फायदा आहे. बऱ्याच व्हाइसचा उभा दांडा ३/८ इंच, म्हणजे सुमारे ९.५ मिलिमीटर व्यासाचा असतो. तो व्हर्नियरने मोजून घेतला की उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या लेथवाल्याकडून १५० बाय १०० बाय २० मिलिमीटरच्या लोखंडी पाटावर बुश (दांडा बसण्याची नळी) आणि ग्रब स्क्रू (दांडा आवळणारा बिनडोक्याचा स्क्रू) बसवून घेता येतो. असा पाट सव्वादोन किलोच्या पुढे भरतो आणि २/० च्या ओढीला जागचा हलत नाही. भोक १० मिलिमीटरच्या ड्रिलने पाडू देऊ नये, कारण अर्ध्या मिलिमीटरची ढिलाईसुद्धा जबड्यांपाशी पोहोचेपर्यंत स्पष्ट जाणवते. परदेशी व्हाइस मागवणाऱ्याने म्हणूनच क्लॅम्पचा स्वस्त नमुना घ्यावा आणि बैठक इथे करून घ्यावी. लोखंडाच्या वजनाला कुरियर आणि आयात शुल्क देण्यात अर्थ नाही.

खानापूरच्या बाजूला पावसाळ्यात कपाटातल्या सुयाही गंजतात. हार्डन केलेले पोलाद स्टेनलेसच असते असे नाही, म्हणून जून ते सप्टेंबरपर्यंत काम संपल्यावर जबड्यांवरून शिलाई मशीनच्या तेलाचे बोट फिरवावे आणि स्प्रिंगवर ताण राहू नये यासाठी गळ काढून ठेवावा. दुसऱ्या दिवशी बसताना तेच तेल कोरड्या फडक्याने पूर्ण पुसून घ्यावे, कारण तेलकट जबड्यांत चांगला गळही घसरतो आणि पांढऱ्या पिसांवर डाग पडतात.