श्रद्धाळू माणसाशी हवामानबदलाविषयी बोलायचे कसे

हवामानबदलाचा विषय निघाला आणि समोरच्याने ‘शेवटी सगळे देवाच्या हातात आहे’ असे म्हटले, की बहुतेकांचे बोलणे तिथेच खुंटते. काही जण आवाज चढवून आकडेवारी सांगू लागतात, तर काही जण यांच्यापुढे बोलून उपयोग नाही असे मनाशी ठरवून विषय बदलतात. दोघांच्याही हातून एक साधी गोष्ट राहून जाते, ती म्हणजे त्या वाक्याचा त्या माणसाच्या मनातला अर्थ विचारणे. देवावरच्या श्रद्धेमुळे हवामानबदलाविषयीचे मत घडते हे खरे आहे, पण ते नेहमी एकाच दिशेने घडते असे नाही. एकच देव मानणारी आणि एकच ग्रंथ वाचणारी दोन माणसे अगदी उलट निष्कर्षांवर येऊ शकतात, आणि या फरकाचे कारण ‘श्रद्धा आहे की नाही’ या प्रश्नात सापडत नाही. ते श्रद्धेच्या आतल्या एखाद्या विशिष्ट कल्पनेत असते. ती कल्पना आधी हुडकावी आणि मगच बोलावे.

हा फरक किती मोठा असू शकतो, हे बायबलच्या पहिल्याच पुस्तकात दिसते. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देव माणसाला पृथ्वीवर आणि प्राण्यांवर सत्ता देतो, दुसऱ्या अध्यायात बागेची मशागत आणि राखण करण्यासाठी माणसाला तिथे ठेवतो, आणि आठव्या अध्यायात जलप्रलय ओसरल्यावर पेरणी व कापणी, थंडी व ऊन हे चक्र पृथ्वी असेपर्यंत थांबणार नाही असे वचन देतो. यांपैकी कोणते वचन मनात ठसले आहे, त्यावर पुढचे सारे ठरते. इतिहासकार लिन व्हाइट यांनी १९६७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात लिहिलेल्या गाजलेल्या लेखात पर्यावरणीय संकटाची मुळे पाश्चात्त्य ख्रिस्ती विचारातल्या त्या सत्तेच्या कल्पनेत शोधली. पण त्याच लेखाच्या शेवटी त्यांनी असिसीच्या संत फ्रान्सिसना पर्यावरणाचे आश्रयदाते संत मानावे असे सुचवले, आणि १९७९ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी तशी घोषणाही केली. अमेरिकी काँग्रेसचे सदस्य जॉन शिमकस यांनी २००९ मध्ये एका समितीच्या सुनावणीत प्रलयानंतरचे ते वचन वाचून दाखवले आणि पृथ्वीचा अंत माणूस ठरवणार नाही, देव ठरवील, असे सांगितले. त्यानंतर सहा वर्षांनी पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक काढून हवामानाला सर्वांचा सामाईक ठेवा म्हटले आणि त्याच्या राखणीची जबाबदारी थेट माणसावर टाकली. ग्रंथ तोच होता. म्हणून ‘धर्म पर्यावरणाच्या बाजूने आहे की विरुद्ध’ या वादात शिरण्यात वेळ घालवू नये.

पहिला प्रश्न नीट विचारा

‘देवाच्या हातात आहे’ या वाक्यामागे साधारणपणे चार वेगवेगळे अर्थ असतात. एक, निसर्ग एवढा विराट आहे की माणसाच्या हातून त्याचे काही बिघडूच शकत नाही. दोन, बिघडले तरी देव सावरून घेईल. तीन, जे घडते आहे ते देवाच्याच इच्छेने, शिक्षा म्हणून किंवा युगाचा शेवट जवळ आला म्हणून, घडते आहे. आणि चार, पृथ्वी देवाची आहे, आपल्याकडे ती राखायला दिली आहे, आणि तिचा हिशेब आपल्याला द्यावा लागेल. या चौघांना एकच उत्तर देणे म्हणजे चार वेगळ्या दुखण्यांवर एकच औषध देणे होय. (पाचवाही एक प्रकार अधूनमधून भेटतो, तो म्हणजे जे पवित्र आहे ते मलिन होऊच शकत नाही असे मानणारा. तिथे पावित्र्य आणि स्वच्छता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे मान्य झाले तरी पुरे.)

अर्थ काढून घेण्यासाठी प्रश्न मोकळा असावा, उलटतपासणीसारखा नसावा. एक पुतणी आणि तिचे काका यांच्यातला संवाद समजा असा झाला:

‘अगं, पाऊस कधी पाडायचा हे काय माणूस ठरवणार आहे?’
‘नाही काका, ते आपल्या हातात नाहीच. पण एक विचारू का? माणसाने धूर सोडला तर हवा बिघडते, हे तुम्हाला पटतं ना?’
‘बिघडणारच की.’
‘मग त्या बिघडलेल्या हवेने उष्णता जास्त धरून ठेवली, असं होऊ शकेल?’
‘होईलही. पण तो बसलाय ना वर, तो निस्तरेल.’

इथे थांबून पाहावे. काकांचे पहिले वाक्य ऐकून ते पहिल्या गटातले आहेत असे वाटले असते आणि पुतणीने कार्बनच्या आकड्यांचा मारा केला असता. प्रत्यक्षात माणसाच्या हातून हवा बिघडते हे त्यांना मान्यच आहे, त्यांचा भरवसा दुरुस्तीवर आहे. म्हणजे पुढचे बोलणे विज्ञानाचे नसून भरवशाचे व्हायला हवे. संभाषण सुरू करायला ‘धूर’ हा शब्द चालतो, पण तापमान वाढवणारा मुख्य वायू, कार्बन डायऑक्साइड, डोळ्यांना दिसत नाही आणि त्याला वासही नाही, हे पुढे कधीतरी सांगावे. नाहीतर धूर दिसत नाही तिथे काही बिघडत नाही असा समज पक्का होतो.

‘माणसाच्या हातून एवढे काय बिघडणार?’

या गटाशी बोलताना विज्ञान उपयोगी पडते, मात्र ते ‘कसे’ या प्रश्नापुरते मांडावे आणि ‘कोण’ हा प्रश्न त्यांच्याकडेच राहू द्यावा. सर्वांत चांगले उदाहरण ओझोनचे आहे. शीतपेट्यांत आणि फवारण्याच्या डब्यांत वापरले जाणारे क्लोरोफ्लुरोकार्बन आकाशातला ओझोनचा थर झिजवतील, असा इशारा शास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये दिला. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावर तो थर विरळ झाल्याचे जाहीर झाले. १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला, ती रसायने टप्प्याटप्प्याने बंद झाली, आणि आता तो थर हळूहळू भरून येत आहे. माणसाच्या हातून आकाश बिघडू शकते आणि माणसाने हात आवरला तर ते सुधारूही शकते, या दोन्ही गोष्टी एका पिढीच्या डोळ्यांसमोर घडल्या. यात कोणाच्या श्रद्धेला धक्का लागत नाही.

त्यानंतर कार्बनकडे यावे. उद्योगयुगापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते, आज ते ४२० च्या वर आहेत. हा वाढलेला वायू ज्वालामुखीतून किंवा समुद्रातून आला नसेल कशावरून, असा प्रश्न येतोच, आणि तो रास्त आहे. त्याचे उत्तर कार्बनच्याच अंगावर लिहिलेले असते. सजीवांमध्ये कार्बन-१४ हा किरणोत्सारी प्रकार अल्प प्रमाणात असतो आणि जीव मेल्यानंतर सुमारे ५,७३० वर्षांत तो निम्मा होतो. कोट्यवधी वर्षे जमिनीखाली पडून राहिलेल्या कोळशात आणि खनिज तेलात तो अजिबात उरलेला नसतो. असा कार्बन-१४ नसलेला वायू हवेत मिसळत गेला की हवेतल्या कार्बनमध्ये कार्बन-१४ चे प्रमाण घटते, आणि मोजमापात तेच दिसते. ज्वालामुखीच्या वायूतही कार्बन-१४ नसतो, पण सर्व ज्वालामुखी मिळून वर्षभरात जितका कार्बन डायऑक्साइड सोडतात, तो माणसाने सोडलेल्याच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी भरतो. सूर्यच जास्त तापला असेल, ही शंकाही अशीच तपासता येते. सूर्य कारण असता तर वातावरणाचे वरचे आणि खालचे दोन्ही थर तापले असते. प्रत्यक्षात खालचा थर तापतो आहे आणि वरचा स्थितांबर निवतो आहे.

‘तो सावरून घेईल’

हा सर्वांत अवघड आणि सर्वांत आदराने हाताळण्याचा गट आहे, कारण इथे माणूस आपल्या आयुष्यातला सर्वांत खोल आधार बोलून दाखवत असतो. त्या आधारावर हल्ला केला की माणूस हवामानबदल नाकारून देव वाचवतो. देव की विज्ञान अशी निवड करायला लावणे ही या साऱ्या विषयातली सर्वांत महागडी चूक आहे, असे माझे मत आहे.

त्यापेक्षा त्यांच्याच परंपरेत भरवसा आणि कृती यांचे नाते कसे सांगितले आहे, ते त्यांनाच विचारावे. इस्लामी परंपरेत एक प्रसंग प्रसिद्ध आहे. उंट मोकळा सोडून अल्लाहवर विसंबू का, असे विचारणाऱ्याला पैगंबर सांगतात की आधी उंट बांध आणि मग विसंब. शुभवर्तमानात मंदिराच्या टोकावरून उडी टाक, देवदूत तुला झेलतील, असे सैतान म्हणतो तेव्हा येशू देवाची परीक्षा पाहायला नकार देतो. आणि युद्धातून बाजूला होऊ पाहणाऱ्या अर्जुनाला कृष्णाने ‘तू जा, मी बघतो’ असे सांगितलेले नाही. मात्र हे दाखले फेकण्यासाठी नाहीत. स्वतः तो धर्म न मानणाऱ्याने वचने पाठ करून ऐकवली की ती उसनी आहेत हे ऐकणाऱ्याला लगेच कळते. अशा वेळी ‘तुमच्याकडे याबद्दल काय सांगितले आहे?’ हा प्रश्न पुरेसा असतो, आणि उत्तर पुष्कळदा आपल्याला माहीत असलेल्या दाखल्यापेक्षा चांगले मिळते.

पावसासाठी केलेल्या प्रार्थनेची थट्टा तर कधीच करू नये. माणसाच्या वागण्याचा आणि पावसाचा काही संबंध आहे, ही कल्पना श्रद्धाळू माणसाला नवी नाही. अधर्म माजला की पाऊस रुसतो असे अनेक परंपरा शतकानुशतके सांगत आल्या आहेत. नवी आहे ती फक्त मधली साखळी, म्हणजे इंधन, वायू, उष्णता आणि वाफ यांची. पाया आधीच घातलेला आहे, हे बोलणाऱ्यानेच विसरू नये.

‘ही देवाची शिक्षा आहे’

हा अर्थ ऐकून घाईने आनंदी होऊ नये. शिक्षेची कल्पना माणसाची चूक मान्य करते, पण चूक भलत्याच्या माथी मारण्याचा धोकाही तिच्यात असतो. संयुक्त राष्ट्रांच्या आंतरसरकारी हवामानबदल समितीच्या (आयपीसीसी) सहाव्या अहवालानुसार जगातील सर्वाधिक उत्सर्जन करणारी १० टक्के कुटुंबे घरगुती उपभोगातून होणाऱ्या उत्सर्जनापैकी ३४ ते ४५ टक्के उत्सर्जनाला कारणीभूत आहेत, तर तळाच्या ५० टक्के कुटुंबांचा वाटा १३ ते १५ टक्के आहे. आणि पूर, दुष्काळ व उष्णतेच्या लाटा यांचा मार प्रामुख्याने याच तळाच्या लोकांना बसतो. न्यायी देव एकाच्या अपराधासाठी दुसऱ्याला शिक्षा करील का, असा प्रश्न नम्रपणे विचारला की श्रद्धाळू माणूस स्वतःच थबकतो. कुराणातही जमिनीवर आणि समुद्रात माजलेला बिघाड माणसांच्या हातांनी कमावलेला आहे असे म्हटले आहे, आणि ते माणसांनी परत फिरावे म्हणून, असे पुढे सांगितले आहे. युगान्त जवळ आला म्हणून काही करण्यात अर्थ नाही असे म्हणणाऱ्यांसाठी त्याच परंपरेतले दुसरे वचन आहे. अखेरची घटका येऊन ठेपली आणि हातात रोप असेल, तर जमल्यास ते लावून टाकावे.

श्रद्धा बोलते आहे की पक्ष?

कधीकधी चारही अर्थ तपासून झाले तरी बोलणे पुढे सरकत नाही. अशा वेळी अडसर धर्माचा नसून राजकीय बाजूचा असण्याची शक्यता मोठी असते. अमेरिकेत प्यू संशोधन केंद्राने २०२२ मध्ये केलेल्या पाहणीत पृथ्वी मुख्यतः माणसामुळे तापते आहे असे मानणारे सर्व प्रौढांत ५३ टक्के आणि इव्हँजेलिकल, म्हणजे बायबलच्या वचनाला सर्वोच्च मानणाऱ्या, प्रोटेस्टंटांत ३२ टक्के आढळले. पण तितक्याच श्रद्धाळू असलेल्या कृष्णवर्णीय प्रोटेस्टंटांमध्ये या प्रश्नाची काळजी पुष्कळ जास्त आहे, आणि केंद्राच्या विश्लेषणातही राजकीय पक्षाशी असलेली जवळीक हेच मोठे कारण दिसून आले. अशा ठिकाणी कोण बोलतो याला महत्त्व येते. हवामानशास्त्रज्ञ कॅथरिन हेहो स्वतः इव्हँजेलिकल आहेत आणि चर्चमध्ये जाऊन बोलतात; आंतरसरकारी समितीच्या वैज्ञानिक गटाचे अध्यक्षपद सांभाळलेले जॉन हॉटन हेही श्रद्धावान ख्रिस्ती होते. आपल्याऐवजी अशा एखाद्या माणसाने बोलणे अधिक उपयोगाचे ठरणार असेल, तर आपण बाजूला व्हावे.

चौथ्या गटाला काय सांगायचे

पृथ्वी ही ठेव आहे असे मानणाऱ्याला पटवत बसू नये. त्याच्यापुढे काम ठेवावे. १९८६ मध्ये असिसी येथे पाच धर्मांचे प्रतिनिधी निसर्गरक्षणासाठी एकत्र आले, २०१५ मध्ये इस्तंबूल येथे इस्लामी हवामान जाहीरनामा निघाला, त्याच वर्षी हिंदू आणि बौद्ध धर्मप्रमुखांनीही आपली निवेदने प्रसिद्ध केली. निवेदने काढणे सोपे असते. त्यापेक्षा मला महत्त्वाचा वाटतो तो जागतिक चर्च परिषदेने २०१४ मध्ये घेतलेला, खनिज इंधनांत गुंतवणूक न करण्याचा निर्णय, कारण त्यात पैशाची दिशा बदलली. म्हणून दुसऱ्या भेटीत तत्त्वचर्चा पुन्हा उकरून काढू नये. प्रार्थनास्थळाचे विजेचे बिल किती येते, छतावर सौर पॅनेल बसतील का, विश्वस्तांच्या ठेवी कोणत्या उद्योगांत गुंतल्या आहेत आणि तो निर्णय कोणाच्या सहीने होतो, एवढे चार प्रश्न कागदावर लिहून न्यावेत आणि उत्तरे कोण आणणार, हे तिथेच ठरवून घ्यावे.