हिरवा डोळा पुन्हा मिटू लागला

फोंड्याच्या घरातला आजोबांचा व्हॉल्व्ह रेडिओ वाजायचा झकास, पण स्टेशन नेमकं लागलं तरी त्याचा हिरवा डोळा (स्टेशन नेमकं लागलं की मिटत जाणारा, हिरवा चमकणारा व्हॉल्व्ह, म्हणजे काचेची निर्वात नळी) उघडाच. हा व्हॉल्व्ह ६ई५. उजेड चांगला होता, म्हणजे व्हॉल्व्ह शाबूत. त्यातली पाचरीसारखी काळी सावलीच तेवढी हलत नव्हती. अशा वेळी नवा व्हॉल्व्ह शोधत फिरू नका, आधी त्याचं सॉकेट उघडा. आतला १ मेगाओहमचा रेझिस्टर मीटरवर ४ मेगाओहमच्या वर दाखवत होता. आमचा पावसाळा जुन्या कार्बन रेझिस्टरांना मानवत नाही. (प्लग काढला तरी कॅपॅसिटरमध्ये २००-२५० व्होल्ट उरलेले असू शकतात, ते आधी उतरवा.) नवा रेझिस्टर डाखला, पणजी केंद्र लावलं. काळी पाचर आक्रसत काडीएवढी झाली. आई हातातलं काम टाकून रेडिओसमोर येऊन बसली.