मारबतीला बडग्या जाळायचा, पण सर्व्हर नाही

माइनक्राफ्ट (ब्लॉक रचून बांधायचा गेम) अनेकांनी एकत्र खेळायला घरी चालवलेल्या सर्व्हरवर पहिला महिना गर्दी असते, तिसऱ्या महिन्यात शुकशुकाट. दहा-पंधरा जणांचा गट टिकवायचा तर तारखा ठरलेल्या हव्यात: दर शनिवारी काहीतरी लहान, वर्षातून दोन-तीनदा मोठं. नागपुरात मोठ्यासाठी मारबतीहून, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या पुतळ्यांच्या मिरवणुकीहून, चांगला मुहूर्त नाही. बडग्या, म्हणजे त्या मिरवणुकीतला पुतळा, खेळात कोणालाही बांधता येतो, आणि शेवटी तो जाळायचाच असल्याने जागा अडून राहत नाही.

बांधकामं पोळ्याच्या 15 दिवस आधी मागवा, वर्ल्डएडिट या प्लगइनच्या (बांधकामं कॉपी-पेस्ट करणाऱ्या जोडसॉफ्टवेअरच्या) स्केम फाइलीत. 32 बाय 32 ब्लॉक, उंची 40, सामान फक्त लोकर आणि लाकूड. सर्वात जास्त घोळ कॉपी करताना होतो. माणूस कुठे उभा होता, तिथून अंतर धरून वर्ल्डएडिट पेस्ट करतं. कोणी बडग्याच्या डोक्यावर उभं राहून कॉपी केली, तर तुमच्याकडे तो डोक्यासकट जमिनीत गाडलेला निघतो. म्हणून बडग्याच्या पुढ्यात, जमिनीवर उभं राहूनच कॉपी करायला सांगा. आर्मर स्टँड, आयटम फ्रेम अशा सजावटीच्या वस्तू हव्या असतील तर कॉपी आणि पेस्ट दोन्ही कमांडमागे 'वजा ई' (-e) लावावं लागतं. फाइल सर्व्हरपेक्षा नव्या आवृत्तीत केलेली नसावी.

आलेलं सगळं आधी चाचणीच्या दुनियेत (खेळाच्या वेगळ्या नकाशात) टाका. सर्व्हर सेकंदाला 20 टिक (खेळाची पावलं) चालवतो, म्हणजे एका टिकला 50 मिलिसेकंद. पेपर हे सर्व्हर सॉफ्टवेअर वापरत असाल तर एमएसपीटी ही कमांड एका टिकला प्रत्यक्ष किती मिलिसेकंद लागतात तो आकडा दाखवते. तो 40 च्या वर गेला की हॉपर (वस्तू ओढणारा ब्लॉक) किंवा सतत चालणारं रेडस्टोन (खेळातली वीज) घड्याळ शोधा. फाइल परत करताना नेमका कोणता भाग काढायचा ते लिहून द्या. नाहीतर 'काहून बे, माझाच बडग्या काहून काढला?' हे आठवडाभर ऐका.

आता आग. वर्ल्डगार्ड या प्लगइनमध्ये आग पसरणं अख्ख्या दुनियेसाठी बंद ठेवा आणि फक्त बडगे जाळायच्या मैदानाच्या रीजनपुरतं (आखलेल्या भागापुरतं) चालू करा. माइनक्राफ्टची आग बाजूला एक ब्लॉक, पण वर चार ब्लॉकपर्यंत पेट घेते, त्यामुळे मैदानावर मांडव-कमान नको आणि भोवती 6 ब्लॉक दगडी फरशी हवी. हवामान 'क्लिअर' करायला विसरू नका, कारण खेळातला पाऊसही आग विझवतो. भादव्यातल्या नागपूरकरांना हे वेगळं सांगायला नको.

खेळाची आवृत्ती मात्र त्या आठवड्यात बदलू नका. बदलायची तेव्हा सर्व्हर बंद करून दुनियेचं फोल्डर दुसऱ्या डिस्कवर घ्या, ती कॉपी वेगळ्या पोर्टवर (25566) नव्या आवृत्तीत दोन संध्याकाळ चालवा आणि प्लगइन एकेक तपासा. नव्यात उघडलेली दुनिया जुन्यात परत नेता येत नाही.

नव्या आवृत्तीतले प्रदेश आणि इमारती सहसा न फिरलेल्या भागातच उगवतात. म्हणून सुरुवातीपासून वर्ल्ड बॉर्डर (दुनियेची हद्द) 3000 ब्लॉक व्यासाची ठेवा आणि प्रत्येक मोठ्या अपडेटला 1000 ने वाढवा. दर बाजूला 500 ब्लॉक नवी जमीन मिळते, आणि गट तिकडे धावतो.

मे महिन्यात सर्व्हरचा पीसी खोलीतल्या पाण्याच्या कूलरच्या झोतात ठेवू नका, ओलसर हवा आत जाते. पीसी आणि राउटर दोन्ही यूपीएसवर ठेवा. सेव्ह होत असताना लाइट गेली तर दुनियेची फाइल बिघडू शकते, आणि मग कालचा बॅकअप होता का, एवढंच विचारायचं उरतं.